दोन मापांचे बूट

बसलिंगअप्पा माणसाकडे बघायचे ते खालून वर. आधी पाय, मग चालण्याची ढब, आणि सगळ्यात शेवटी तोंड. सास्तूरच्या बाजारगल्लीत त्यांचं चपला-बुटांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत अप्पांचं निम्मं काम झालेलं असायचं. "पाव्हणं, उजवी टाच बाहेरून झिजतीय तुमची. गुडघा धरतोय का?" असं त्यांनी विचारलं की परगावचा माणूस दचकायचा. गावातल्यांना सवय होती.

पांढरं धोतर, बिनबाह्यांची बंडी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीतलं शिवलिंग. समोर एक लाकडी पाट. गिऱ्हाइकानं खुर्चीवर बसायचं, पाय पाटावर ठेवायचा आणि अप्पांनी तो दोन्ही हातांत घ्यायचा. माप घ्यायची पट्टी दुकानात होती, पण ती खिळ्याला टांगलेली. अंगठ्यापासून टाचेपर्यंत हात फिरवला की त्यांना सगळं कळायचं. दुकानापुढं त्यांनी हातभर रुंदीच्या तीन पट्ट्या केल्या होत्या. एकीत मुरूम, एकीत ओढ्याची वाळू, एकीत काळी माती. काळ्या मातीवर ते रोज तांब्याभर पाणी ओतायचे. नवी चप्पल पायात घालून या तिन्ही पट्ट्यांवरून चालून दाखवल्याशिवाय ती विकली जायची नाही. माती लागली तर अप्पा फडक्यानं पुसायचे आणि चप्पल परत खोक्यात.

सकाळी चप्पल घ्यायला गेलं तर ते परत पाठवायचे.

"संध्याकाळी या. सकाळचा पाय लबाड असतोय. दिसभर चालून आला की खरं बोलतोय."

कुणी बायकोसाठी, आईसाठी अंदाजानं चप्पल मागितली तर आणखीच वैतागायचे. "पाय कुठाय? पाय घेऊन या." एकदा गावातल्या बड्या घरचा मुलगा लग्नासाठी टोकदार बूट घ्यायला आला. अप्पांनी पाय बघितला आणि सरळ नाही म्हणाले. पंजा रुंद आहे, चावतील. पोरगा रागानं सोलापूरला गेला आणि तसेच बूट घेऊन आला. वरात निघाली, बाजारगल्लीत आली, आणि नवरदेव घोड्यावरून उतरेना. मारुतीच्या देवळापाशी उतरायचं होतं, पण पाय टेकवत नव्हता. अप्पा दुकानातून एक साधी, मऊ कोल्हापुरी घेऊन गेले, घोड्याजवळ उभे राहिले आणि वरच्या वर त्याचे बूट काढून चप्पल चढवली. "जा आता," म्हणाले. पुढं त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. तो नवरदेव मात्र अजून सांगतो.

हा धंदा त्यांच्या घराण्यातला नव्हता. त्र्याण्णवच्या भूकंपाआधी त्यांचं किराणा दुकान होतं. भूकंपात दुकान गेलं, आई गेली, थोरला भाऊ गेला. अप्पा तेव्हा ऐन तिशीतले. मग मदतीचे ट्रक यायला लागले. धान्य, भांडी, कपडे आणि पोत्यांनी चपला. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेली, अनवाणी. ढिगाऱ्यात खिळे, काचा, पत्रे. चपलांची पोती पत्र्याच्या शेडपुढं ओतलेली, डावी इथं तर उजवी कुठं पत्ता नाही. दोन्ही डाव्याच घालून फिरणारी माणसं तेव्हा होती, असं माझी आई सांगायची. अप्पा त्या ढिगापाशी बसले आणि जोड्या लावायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. जोडी लागली की दोरीनं बांधून बाजूला ठेवायचे. मग एकेकाला समोर बसवून, पाय हातात घेऊन, धूळ पुसून, बसतेय का बघायचे. हे कितीतरी दिवस चाललं.

"त्या ढिगापाशी बसले, तवा कुठं भाकरी खाल्ली त्यांनी," काकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या. "त्याच्या आदी बोलत न्हवते, रडत न्हवते. म्या भ्याले होते."

गाव नव्या जागेवर वसलं तेव्हा अप्पांनी किराणा पुन्हा काढला नाही. चपलांचं दुकान टाकलं. त्यांच्या समाजातली जाणती माणसं समजावायला आली. गळ्यात लिंग आणि हातात खेटरं, हे बरं दिसतं का? त्यात पाय तरी कुणाकुणाचे. आम्ही बौद्ध. आमच्या गल्लीतल्या माणसांचे पायही अप्पा त्याच पाटावर, त्याच हातांनी घ्यायचे, हे काहींना जास्त खुपत होतं. अप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि एवढंच म्हणाले, "देवाला बी पाय असतेत की. तुमी तर त्याच्यावर डोकं ठिवता." माणसं पुन्हा आली नाहीत. आली ती चपला घ्यायला.

माझा पाय त्यांच्या हातात पहिल्यांदा आला तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. भूकंपात भिंतीचा दगड डाव्या पायावर पडला होता. सोलापूरच्या दवाखान्यात बरेच दिवस गेले. पाय राहिला, दोन बोटं गेली, आणि पुढं उजवा पाय वाढला तसा डावा वाढला नाही. शाळेचे बूट घ्यायला वडील मला अप्पांकडे घेऊन गेले. वडील शाळेत शिपाई. आपली पोर बुटांशिवाय शाळेत जाणार नाही, एवढा त्यांचा हट्ट. मी पाय फ्रॉकखाली ओढून घेतला होता. अप्पांनी घाई केली नाही. ते त्या पाटाशी बसून राहिले. सीमेजवळची माणसं, घरात कानडी बोलायचे. म्हणाले, "बा तंगी, कूडु." ये बहिणी, बस. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. त्या दिवसापासून मी त्यांची तंगी झाले.

आठवड्यानं बूट आले. एकाच खोक्यात, एका कागदात गुंडाळलेले. उजवा मोठा, डावा लहान. दोन्ही पायांत बरोबर बसले.

"कंपनीवाले तुझ्यासाठी येगळं खोकं पाठवतेत," अप्पा म्हणाले.

मी ते खरं मानलं. दरवर्षी जूनमध्ये माझं वेगळं खोकं यायचं. मैत्रिणींना मी सांगायचे, माझे बूट खास बनवून येतात. सातवीत असताना पावसात बूट भिजले, ते चुलीजवळ उलटे ठेवले आणि मला तळव्यावर एक घासलेला डाग दिसला. मैत्रिणीच्या बुटावर तिथं नंबर होता. माझ्या दोन्ही बुटांवरचा नंबर कुणीतरी कानशीनं घासून काढला होता. मी तशीच दुकानात गेले. अप्पांच्या पाठीमागं, माळ्याखाली, एक फळी होती. तिच्यावर एकेकटे बूट ओळीनं ठेवलेले. सगळे काळे, शाळेचे. माझ्या दरवर्षीच्या बुटांचे उरलेले भिडू. दोन जोड फोडून ते माझा एक जोड करत होते, आणि मला कळू नये म्हणून नंबर घासत होते.

मी रडायला लागले. अप्पांनी हातातली कानस बाजूला ठेवली. "नंबर कंपनीचा आस्तोय तंगी. पाय आपला आस्तोय." मग काकूंना म्हणाले, "हिला गुळ-शेंगा दे."

पुढं मी शिकायला बाहेर पडले आणि अप्पांशी पहिली फितुरी केली. कॉलेजात सगळ्या मुली बारीक पट्ट्यांच्या सँडल घालायच्या. मी एकाच मापाचा जोड घ्यायला लागले आणि डाव्यात पुढं कापूस कोंबायचे. चालताना पाय आतल्या आत सरकायचा, टाचेला फोड यायचे, पण लांबून दोन्ही पाय सारखे दिसायचे. पंधरा-वीस वर्षं मी अशीच चालले. धाराशिवला एका शाळेत लिपिक म्हणून लागले, लग्न झालं. गावी गेले की अप्पांना भेटायचे, पण जाताना त्यांनीच दिलेल्या जुन्या चपला घालून जायचे.

पाय जास्त दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनी चालणं कमी करून सायकल चालवायला सांगितलं. मला ते फार मानवलं. सायकलवर बसलं की लंगडणं दिसत नाही. दोन्ही पाय सारखेच फिरतात. मी जाड टायरची, गिअरची सायकल घेतली, धाराशिवच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये गेले, रविवारी तुळजापूरचा घाट चढून यायला लागले. मग एका हिवाळ्यात ग्रुपनं ठरवलं की येडशीजवळ एका सभासदाच्या पडीक रानात सायक्लोक्रॉसची शर्यत घ्यायची. गवतातून, वाळूतून, चिखलातून सायकल हाकायची, फेऱ्यांवर फेऱ्या मारायच्या. मी उत्साहानं नाव दिलं. घरी आले तर नवऱ्यानं मोबाइलवर नियम वाचले आणि म्हणाला, "यात उतरून पळायचं असतं, वाचलंस का? फळ्या आडव्या लावतात. चढ आला की सायकल खांद्यावर घेऊन पळायचं."

मी वाचलं नव्हतं. नाव मागं घ्यायची लाज वाटली आणि पळायची त्याहून जास्त. दोन दिवसांनी सास्तूरची बस धरली.

तोवर अप्पांची नजर गेली होती. साखरेनं एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्याला धुकं. दुकानात काकू खोकी शोधून द्यायच्या, बाकी सगळं अप्पा हातानं करायचे. मी ग्रुपवर आलेली सामानाची यादी त्यांना वाचून दाखवली. पहिलंच होतं, पायडलला अडकणारे बूट.

"अडकणारे म्हंजे?"

"बुटाच्या तळाला खिटी असते अप्पा. ती पायडलमध्ये बसते. पाय निसटत नाही."

"आणि उतरायचं कसं?"

"टाच बाहेर वळवायची, मग सुटतं."

"किती येळा उतरायचंय?"

"फेरीत तीन-चारदा तरी."

अप्पांनी डोकं हलवलं. "ज्याला रोजची सवय हाय त्यानं अडकवावं. तू पयल्यांदा चाललीस. पडायची येळ आली तर पाय मोकळा पायजे. फुडं वाच."

हातमोजे, पूर्ण बोटांचे. ते त्यांना पटले. पडलं की माणूस आधी हात टेकतो, म्हणाले. टी-शर्ट आणि हेल्मेट मी सोबत आणलं होतंच. ते त्यांनी हातात घेऊन माझ्या डोक्यावर घातलं, हनुवटीखाली दोन बोटं सरकवली आणि पट्टा ओढून घट्ट केला. एवढी वर्षं मी ते सैलच घालत होते. ढगळ टी-शर्ट नको, अंगाबरोबरचा घाल, सायकल खांद्यावर घेताना कापड अडकतं. मोजे पातळ आणि वापरलेले घ्यायचे. नवे मोजे ओले झाले की गोळा होतात. एक कोरडा जोड पिशवीत वेगळा. काकूंना यादीत खांद्याचं काही दिसलं नाही.

"लोखंड खांद्यावर घ्यायचं आणि चुंबळ न्हाई?" त्या म्हणाल्या आणि जुन्या लुगड्याची घडी घालून माझ्या टी-शर्टाच्या उजव्या खांद्याला आतून शिवायला बसल्या.

बुटांचं मात्र अप्पांनी अजून ठरवलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "तुझा पाय मला ठाव हाय. जमीन दाव."

"अप्पा, येडशी लांब आहे. तुम्हाला झेपायचं नाही."

"जमीन न बघता बूट देऊ व्हय?"

पुढच्या रविवारी ते दोन बस बदलून आले. मी त्यांना येडशीच्या फाट्यावर उतरवून घेतलं आणि रिक्षानं रानात नेलं. शर्यतीची वाट चुन्यानं आखून ठेवली होती. अप्पांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या, धोतर वर खोचलं, माझ्या दंडाला धरलं आणि अनवाणी सगळी वाट चालले. मध्ये थांबायचे, तळवा घासून बघायचे. "हितं मुरूम. बरा हाय, पाय धरतोय." वाळूत म्हणाले, "हितं उतरू नगं, जोर लावून काढ." खालच्या अंगाला आयोजकांनी मोटारीचं पाणी सोडून चिखल केला होता. अप्पा तिथं बसले, मूठभर काळी माती उचलून मळली, बोटांनी पसरली, पुन्हा मळली.

"ही तळव्याला भाकरी बांधणार. बारीक नक्षीचा तळवा आसंल तर दोन पावलांत सपाट. मग घसरलीसच."

चिखलापुढं चढ होता. तो ते दोनदा चढले, पावलं मोजत. दुसऱ्यांदा वर पोचले तेव्हा त्यांना दम लागला होता. त्यांना रामलिंगाच्या डोंगराकडं तोंड करून बसवलं आणि पाणी दिलं. मला वाटलं, ते काही थोर बोलतील. ते म्हणाले, "फुटबॉलचे बूट."

फुटबॉलचे बूट, तळव्याला रबरी गुट्ट्या, म्हणजे आखूड खुंट्या, असलेले. गुट्ट्या एकमेकींपासून लांब लांब असतात, त्यामुळं चिखल अडकून राहत नाही. कुठून कुठून मागवून त्यांनी दोन जोड आणले आणि नेहमीसारखा एक केला. तळव्याच्या मधल्या गुट्ट्या ब्लेडनं कापून टाकल्या, म्हणजे पायडलवर पाय सपाट बसेल. पुढच्या ठेवल्या, चढावर पंजा रोवायला. दोन्ही बाजूंना पाणी जायला बारीक भोकं पाडली. डाव्यात जिथं माझी बोटं नाहीत तिथं नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, तुकडा चिकटवला, पाय पुढं सरकू नये म्हणून. टाच इतकी घट्ट, की काढताना दोन्ही हात लागायचे. "चिखल टाचेला धरून वढतोय," ते म्हणाले. "टाच सैल सोडली की बूट त्येचा, पाय तुझा."

नंबर या वेळी घासलेले नव्हते.

बूट घ्यायला जाताना मी सायकल बसच्या टपावर टाकून नेली होती. मी बूट घालून तिन्ही पट्ट्यांवर चालून दाखवलं. "आता पळून दाव," अप्पा म्हणाले. "सायकल घेऊन."

बाजाराचा दिवस होता. गल्लीत भाजीवाल्या, बांगड्यांच्या गाड्या, चहाच्या टपरीवर माणसं. एवढ्या लोकांपुढं मी आयुष्यात पळाले नव्हते. शाळेतही नाही. मी नाही म्हणाले. अप्पांनी आग्रह केला नाही. ते उठले, दुकानाला टेकवलेली दूधवाल्याची सायकल चाचपली, धोतर खोचलं आणि दांडी धरून ती सायकल खांद्यावर घेतली.

"अवो, काय करताव!" काकू ओरडल्या.

अप्पा पळायला लागले. साठी ओलांडलेला माणूस, डोळ्यांपुढं धुकं, खांद्यावर सायकल, तिची घंटी दर पावलाला वाजतेय. गल्लीतली माणसं बाजूला झाली, मग हसायला लागली. टपरीवरून कुणी शिट्टी मारली. बांगडीवाली पदर तोंडाला लावून हसत होती. अप्पा पिंपळापर्यंत गेले आणि वळले. सगळी गल्ली त्यांच्याकडं बघत होती. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. मी माझी सायकल खांद्यावर घेतली आणि पळाले. चौथ्या-पाचव्या पावलाला मला कळलं की डावा पाय दुखत नाहीये.

आम्ही दोघं परत दुकानापाशी आलो. अप्पा धापा टाकत होते. "साकु," म्हणाले. पुरे.

एवढं झाल्यावर शर्यतीच्या दिवशी मी जे केलं ते सांगायला मला अजून जड जातं.

सकाळी नऊच्या सुमाराला रानात पोचले. सोलापूर-लातूरकडच्या मुली आल्या होत्या. रंगीत जर्सी, चकाकणारे बूट, हसणं-खिदळणं. दोन-तीन जण फोटो काढत फिरत होते. माझ्या पिशवीत एक मोठा आणि एक लहान, हातानं कापलेला फुटबॉलचा बूट. मला तो बाहेर काढवेना. मी पिशवीत आणखी एक जोड आणला होता, साधे स्पोर्ट्सचे बूट, दोन्ही एकाच मापाचे. गाडीआड बसून डाव्यात कापूस कोंबला आणि ते घातले.

थोड्या वेळानं अप्पा आणि काकू आले. अप्पा माझ्यासमोर उकिडवे बसले. "पाय दे. नाडी बगतो."

मी उजवा पाय पुढं केला. त्यांनी नाडी ओढली, गाठ मारली. मग डावा. त्यांचा अंगठा बुटाच्या टोकावर टेकला आणि थांबला. नंतर टाचेवर गेला.

"तेच हाइत न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो अप्पा. तेच आहेत."

त्यांनी मान हलवली. नाडी नीट बांधली, टोकं आत खोचली. "बरं. मला आता दिसत न्हाई. तू म्हन्तीस तर तेच आसतील." गुडघ्यावर हात टेकून ते उठले, काकूंना म्हणाले, "चल, चढाकडं उभं राहू," आणि निघाले.

त्या बोटांनी सहाव्या वर्षापासून माझा पाय ओळखला होता. ती फसणार नव्हती हे मलाही ठाऊक होतं. त्यांनी मला खोटं बोलू दिलं. काकूंच्या आधारानं गवतातून पाय चाचपत जाणारी ती पाठ मी बघत राहिले. मग तिथंच, सगळ्यांच्या मध्ये, गवतात बसले. कापूस काढून टाकला. फुटबॉलचे बूट चढवले. एकीनं बघितलं, दुसरीला खुणावलं. मी नाडी बांधली, टोकं आत खोचली.

शर्यतीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी शेवटून दुसरी आले. वाळूत एकदा आडवी झाले, पण पाय मोकळे होते म्हणून लगेच उठले. हातमोज्यांनी तळहात वाचवले. चिखलात माझ्यापुढच्या मुलीचे बूट मातीनं इतके भरले की ती जागच्या जागी घसरत राहिली, मग बसलीच. माझ्या बुटांना माती लागायची आणि गळून पडायची. चढावर सायकल खांद्यावर घेतली की काकूंची चुंबळ बरोबर दांडीखाली यायची. अप्पा त्या चढाच्या बाजूला उभे होते. मी दिसत नव्हतेच त्यांना. ते मान तिरकी करून ऐकत होते. पहिल्या फेरीला मी चढाशी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग माझी पावलं वाजली, जड, हलकं, जड, हलकं, सैल बुटाचा फटफटाट नाही, आणि त्यांनी काकूंचा हात धरला.

"आली," ते मोठ्यानं म्हणाले. "ही आली बग! तेच घातलेत गं, तेच हाइत!"

मी लंगडत पळत होते आणि लोक बघत होते. शेवटच्या फेरीपर्यंत मला त्याची आठवणही राहिली नव्हती.

संपल्यावर सगळ्या पाण्याच्या पाइपापाशी जमलो. बूट काढले, पाय धुतले. चिखलात बसलेली ती मुलगी माझ्या शेजारी होती. तिनं माझे बूट उचलून बघितले.

"ताई, हे दोन वेगवेगळ्या नंबरचे कसे?"

"माझे पाय वेगवेगळे आहेत," मी म्हणाले आणि डावा पाय पाण्याखाली धरला. तिनं बघितलं. "दुखतो का?" तिनं विचारलं. "आज नाही," मी म्हणाले. मग तिनं मला तळव्याच्या गुट्ट्या कुणी कापून दिल्या ते विचारलं आणि मी तिला अप्पांकडं घेऊन गेले. अप्पांनी तिला सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "सास्तूरला ये. पाय घेऊन ये."

ती गेली की नाही मला माहीत नाही. तेवढा वेळच उरला नाही. उन्हाळा लागता लागता अप्पा गेले. सकाळी दुकान उघडलं, मातीवर पाणी घातलं आणि पाटाशी बसल्या बसल्या मान कलंडली. काकूंचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. पोचेपर्यंत त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून माती देऊन झालं होतं. त्यामुळं त्यांना मी शेवटचं पाहिलं ते शर्यतीच्या दुपारीच.

फाट्यावर मी त्यांना आणि काकूंना सोडायला गेले होते. काकू आधी बसमध्ये चढल्या आणि जागा धरली. अप्पांना कंडक्टरनं हात दिला. बस सुरू झाली तसे ते खिडकीत वाकले आणि हात हलवायला लागले. ते बघत होते उलट्या बाजूला, रसवंतीच्या मांडवाकडं. तिथं कुणीही नव्हतं, वाळत घातलेली एक निळी साडी तेवढी हलत होती. मी इकडं, वडाखाली. "अप्पा!" मी हाक मारली, पण बसच्या आवाजात ती गेली नाही. अप्पा त्या साडीकडं बघून हसत होते, हात हलवत होते.

मी पळाले. पायात साधी चप्पल होती, ती तिथंच सोडली. रस्ता ओलांडला, रसवंतीच्या मांडवाशी पोचले, त्या साडीपुढं उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.